लंडनला गेलेली गिटार

कांदिवलीच्या हवेत गिटारची तार फार दिवस टिकत नाही. पश्चिमेला चारकोपच्या पलीकडे खाडी आणि खारफुटी, पूर्वेला नॅशनल पार्कचा डोंगर, आणि दोघांच्या मध्ये अडकून पडलेला घामट वारा. जूनमध्ये चढवलेला नवा संच ऑगस्टपर्यंत तांबूस होतो. म्हणूनच की काय, सरांनी पहिल्या रविवारी मला एकही सूर शिकवला नाही. तार पुसायला शिकवलं. जुन्या धोतराचा तुकडा घ्यायचा, एकेका तारेच्या खालून घालायचा आणि वरपासून खालपर्यंत ओढत आणायचा. वाजवण्याआधी हात धुवायचे आणि वाजवून झाल्यावर तार पुसायची. तासाभराची फी देऊन मी एवढंच शिकून घरी आलो. वडिलांनी काय शिकलास म्हणून विचारलं तेव्हा सांगायची लाज वाटली.

साल १९८२. मी बँकेत नुकता चिकटलो होतो. राहायला डहाणूकरवाडीत, दोन खोल्यांत सहा माणसं. पहिल्या पगारातून आईला साडी घेतली आणि तिसऱ्या पगारातून, कोणाला न विचारता, कलकत्त्याच्या बनावटीची एक सेकंडहँड गिटार. चर्चगेट ते कांदिवली ती मी लगेजच्या डब्यात, भाजीच्या पाट्यांमध्ये उभी धरून आणली. घरात तिला तुणतुणं म्हणत. सर पोयसरला राहत. मूळचे गोव्याचे, फिल्मी वाद्यवृंदांत गिटार वाजवणारे. पडद्यावर ज्यांची नावं कधीच येत नाहीत अशा शेकडो वादकांपैकी एक. रविवारी चर्चहून आले की नऊ ते अकरा शिकवणी. मराठी बोलता बोलता मध्येच कोकणीत शिरत आणि हिशेब मात्र इंग्रजीत करत.

त्यांच्याकडूनच मी पहिल्यांदा अमान्सियो डिसिल्वाचं नाव ऐकलं. हा लेख त्याच्याविषयी आहे. पण त्याच्यापर्यंत मी ज्या वाटेने पोचलो ती वाट आधी सांगायला हवी, कारण गिटार शिकू पाहणाऱ्या माणसाला थोरांची चरित्रं बोटांच्या फोडांतूनच कळतात.

दुसऱ्या रविवारी सरांनी माझी गिटार हातात घेतली, डोळा मिटून तिच्या मानेवरून बंदुकीची नेम धरावी तसं पाहिलं आणि मान हलवली. तारा पट्टीपासून फार उंच होत्या. बारावा पडदा, म्हणजे फ्रेट, त्याच्यावर तार किती वर आहे याला वादक ॲक्शन म्हणतात. ती जास्त असली की तार दाबायला जोर लागतो, बोटं सोलवटतात आणि शिकणारा महिन्याभरात गिटार माळ्यावर टाकतो. सरांचं ठाम मत होतं की, गिटार सोडणाऱ्या दहांपैकी आठ जणांचा दोष बोटांत नसतो, ब्रिजमध्ये असतो. ब्रिज म्हणजे आपल्या तंबोऱ्याची घोडी. त्यांनी ब्रिजची हाडाची पट्टी काढली, पालथी करून काचपेपरवर घासली, पुन्हा बसवली, पुन्हा काढली. अर्धा रविवार त्यातच गेला. संध्याकाळी घरी येऊन वाजवली तर तीच गिटार दुसऱ्या कुणाची तरी वाटायला लागली.

मानेचंही तसंच. सहा पोलादी तारांचा ताण मोठ्या माणसाच्या वजनाइतका असतो. त्याखाली लाकूड हळूहळू वाकतं आणि पावसाळ्यात ओल पिऊन आणखी वाकतं. त्यावर उपाय म्हणून मानेच्या आत एक लोखंडी सळई घालतात, तिला ट्रस रॉड म्हणतात. टोकाचा नट फिरवला की मान सरळ होते. अमेरिकेतल्या कलमाझू गावच्या गिब्सन कंपनीने १९२३ साली या युक्तीचं पेटंट मिळवलं. माझ्या गिटारीत ती सळई नव्हती. सरांनी उपाय सांगितला की तारा जरा बारीक लाव आणि रात्री अर्धा सूर उतरवून ठेव. गिब्सन हा शब्द ते उच्चारत तेव्हा त्यांच्या आवाजात, आपल्याकडे वयस्कर माणसं मिरजेच्या सतारमेकरांचं नाव घेतात, तसा एक भाव यायचा. त्या काळात परदेशी वाद्य आणणं म्हणजे परवाना, जकात आणि कुणाचा तरी जहाजावरचा मेहुणा. पण आमच्यातल्या एकाला गिब्सन मिळाली होती, असं सर एकदा म्हणाले, आणि तीही जयपूरच्या महाराणीकडून. मला वाटलं, म्हातारा गोष्ट रचतो आहे.

गोष्ट खरी होती.

अमान्सियो डिसिल्वा १९३६ साली मुंबईत जन्मला. घर गोव्याचं, ख्रिस्ती. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या गोवेकरांच्या दोन-तीन पिढ्या धोबीतलावच्या आसपास, आपापल्या गावाच्या नावाच्या कुडांतून, पेटीला पेटी लावून राहत होत्या. कुणी बोटीवर, कुणी स्वयंपाकी आणि पुष्कळसे वादक. याचं कारण गोव्याच्या चर्चशाळांमध्ये आहे. तिथला मेस्त्री मुलांना बाराखडीबरोबर स्वरलेखन वाचायला शिकवी आणि हातात व्हायोलिन देई. समोर कागद ठेवला की तो पाहताक्षणी वाजवायचा, ही विद्या त्या काळच्या मुंबईत फार थोड्यांकडे होती. म्हणून ताजमहाल हॉटेलच्या नाचाच्या बँडपासून दादरच्या स्टुडिओपर्यंत सगळीकडे गोवेकर. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही त्यातली ठळक नावं. आपल्या हिंदी चित्रपटसंगीतातला मागचा सगळा भरजरी पडदा या लोकांनी विणलेला आहे.

गिटारचं स्थान मात्र त्यात गरीब नातेवाइकासारखं होतं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गदारोळात गिटार ऐकूच येत नसे. ती मागे बसून ठेका धरी, एवढंच. तिला पुढे आणलं विजेने. गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही विजेवरची गिटार बाजारात आली तीही १९३६ सालीच, अमान्सियोच्या जन्मवर्षी. मला अशा योगायोगांचं फार कौतुक नाही, पण हा सांगितल्यावाचून राहवत नाही. तारांच्या खाली लोहचुंबक, त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज उत्पन्न होते आणि ती ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते. यंत्र इतकं साधं आहे. पण त्यामुळे एक बोटभर तार अख्ख्या बँडच्या वर उठून बोलू लागली.

तिला बोलायला शिकवलं चार्ली ख्रिश्चनने. टेक्सासमध्ये जन्मलेला, ओक्लाहोमा शहरात वाढलेला, अंध वादक बापाचा हा मुलगा लहानपणी सिगारच्या खोक्यांची वाद्यं करून वाजवी. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला, दोन-अडीच वर्षं वाजवलं आणि १९४२ मध्ये क्षयाने गेला. वय २५. तेवढ्या वेळात त्याने जगभरच्या गिटारवाल्यांची बोटं बदलून टाकली. त्याच्या तबकड्या ऐकून इंडियानापोलिसच्या वेस माँटगोमेरीने ऐन तरुणपणी गिटार धरली. माँटगोमेरीला स्वरलेखन वाचता येत नव्हतं. दिवसा कारखान्यात काम, रात्री वादन. घरच्यांची आणि शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून त्याने टिचकी सोडून नुसत्या अंगठ्याने तार छेडायला सुरुवात केली आणि त्यातून तो मऊ, गोल आवाज निघाला ज्याच्यामागे पुढे सगळे धावले. दोन खोल्यांत सहा माणसांमध्ये गिटार वाजवणाऱ्या मला ही गोष्ट सरांनी मुद्दाम सांगितली असणार. मीही अंगठ्याने वाजवू लागलो. आवाज मऊ आला, पण माँटगोमेरीचा काही आला नाही.

मुंबईच्या गिटारवाल्याला हे सगळं शिकायला शाळा नव्हती. तबकड्या होत्या, रेडिओ होता आणि दुसऱ्याच्या हाताकडे टक लावून बघणं होतं. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेकचा चमू मुंबईत येऊन वाजवून गेला, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आला. जाझ ऐकणारा शौकीन वर्ग शहरात होता, पण दारूबंदी आल्यापासून रात्रीच्या क्लबांना उतरती कळा लागली होती. ज्याला फक्त जाझ वाजवायचं आहे त्याने काय करावं? बहुतेकांनी स्टुडिओची वाट धरली. अमान्सियो हिंडत राहिला. हॉटेलं, क्लब, देशभर जिथे बँड लागेल तिथे. आणि या हिंडण्यातच जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्याचं वादन ऐकलं आणि त्याला गिब्सन घेऊन दिली.

गायत्रीदेवी आपल्याला माहीत असतात त्या सौंदर्यामुळे आणि लोकसभेच्या निवडणुकीमुळे. पण त्यांची आई इंदिराराजे ही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी. ज्या सयाजीरावांनी मौलाबक्षांना हाताशी धरून १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली, त्यांची ही नात. राजाश्रयाचे दिवस केव्हाच संपले होते, संस्थानं विलीन होऊन गेली होती आणि तरी त्या घराण्याच्या रक्तातली एक सवय अशी शिल्लक राहिली की वादक चांगला दिसला तर त्याच्या हाताला साजेसं वाद्य द्यावं. मात्र हे वाद्य आता रुद्रवीणा नव्हतं, मिशिगनमध्ये तयार झालेली गिटार होती.

चांगल्या वाद्याने माणूस चांगला वादक होतो का? सरांशी मी यावर पुष्कळ वाद घातला आहे. माझं म्हणणं असे की खरा वादक तुणतुण्यावरही वाजवतो. सर ऐकून घेत आणि मग आपली पोकळ अंगाची गिटार माझ्या मांडीवर ठेवत. तीच बोटं, तोच धडा, पण चौथ्या पडद्यावर जिथे माझा सूर नेहमी खरवडत असे तिथे तो आपसूक येई. मग कळे की इतके दिवस निम्मी ताकद आपण वाद्याशी भांडण्यात घालवत होतो. चांगलं वाद्य आपल्याला काही देत नाही, फक्त आडवं येत नाही. अमान्सियोची ताकद विशीतच मोकळी झाली असली पाहिजे.

सरांकडे त्याची एक कॅसेट होती. लंडनहून आलेल्या तबकडीवरून कुणी उतरवलेली, तिच्यावरून आणखी कुणी. वर निळ्या शाईत नुसतं अमान्सियो. १९८० च्या दशकात, पोयसरच्या त्या खोलीत, खाली रस्त्यावर पाववाल्याच्या सायकलची घंटा वाजत असताना मी तो पहिल्यांदा ऐकला. कॅसेटची खरखर इतकी होती की गिटार पावसाच्या आडून ऐकू यावी तशी यायची.

आता लंडनकडे वळू. अमान्सियोची पत्नी जॉयस आयरिश. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचा लहान मुलगा स्टेफानो आजारी पडला आणि त्याच्या उपचारांसाठी हे कुटुंब लंडनला गेलं. म्हणजे हा माणूस काही कीर्ती शोधत विलायतेला गेलेला नव्हता. त्याच्या चरित्रातलं सगळ्यांत मोठं वळण संगीताने घेतलेलंच नाही. तिशीतला वादक, इथे नाव झालेलं, आणि तिथे त्याला ओळखणारं कुणी नाही. मुलाच्या औषधपाण्याचा व्याप एकीकडे आणि मिळेल तिथे वाजवणं दुसरीकडे.

वेळ मात्र अनुकूल होती. बीटल्सच्या एका गाण्यात १९६५ मध्ये सतार वाजली आणि लंडनला भारतीय नादाचं वेड लागलं. त्याच सुमारास कलकत्त्यात जन्मलेला जॉन मेयर आणि जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी मिळून ‘इंडो-जाझ सूट’ केला होता. तो ध्वनिमुद्रित करणारे निर्माते डेनिस प्रेस्टन यांचा हॉलंड पार्कमध्ये लॅन्सडाउन नावाचा स्टुडिओ होता. अमान्सियोचं वादन प्रेस्टन यांच्या कानी पडलं आणि १९६९ या एका वर्षात दोन तबकड्या झाल्या. पहिली ‘इंटिग्रेशन’. तिच्यात सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, ट्रम्पेटवर इयन कार, म्हणजे ब्रिटिश जाझमधली तेव्हाची पहिल्या रांगेतली माणसं. रचना अमान्सियोच्या. नावं पाहा: ‘गँजेस’, ‘जयपूर’. एक आहे ‘जॉयस कंट्री’. आयर्लंडच्या पश्चिमेला या नावाचा खराच एक डोंगराळ मुलूख आहे आणि बायकोचं नावही जॉयस. मला हा मिश्कीलपणा फार आवडतो. अनोळखी शहरात पहिली तबकडी करणारा माणूस घरची सगळी ठिकाणं खिशात घेऊन स्टुडिओत शिरलेला दिसतो.

दुसरी तबकडी ‘हम दोनो’. आपल्याला नाव ऐकताच देव आनंद आठवतो. इथले दोघे म्हणजे अमान्सियो आणि जो हॅरियट. हॅरियट किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये, जोगिणींनी चालवलेल्या शाळेत वाढलेला. तिथेच वाद्य हातात आलं, १९५१ मध्ये विलायतेला आला आणि जाझमध्ये स्वतःची नवी वाट काढली. एक कॅथलिक जोगिणींच्या शाळेतला जमैकन, एक गोव्याच्या चर्चच्या परंपरेतला मुंबईकर, दोघांच्याही मुलखांवर युरोपचं राज्य होऊन गेलेलं. आणि भेट झाली ती लंडनमध्ये. या तबकडीवर ‘स्टेफानोज डान्स’ आहे, ‘बॅलड फॉर गोवा’ आहे, नॉर्मा विन्स्टनचा शब्दांवाचून गाणारा आवाज आहे. तबला किंवा सतार मात्र कुठेही नाही.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या वर्षांत भारतीय म्हणायचं तर सतार हवी, अगरबत्ती हवी, असा लंडनचा रिवाज होता. अमान्सियोने हाती फक्त गिटार ठेवली. तो तार आडवी ओढून सूर वर चढवतो तेव्हा ती मींड असते. एखादी मोकळी तार मध्येच वाजत राहू देतो तेव्हा मागे तंबोरा उभा राहतो. पुढच्या क्षणी तो सरळ अमेरिकन वळणाची तान घेतो आणि कुठे सांधा दिसत नाही. हे शक्य का झालं तेही सांगतो. जुन्या जाझमध्ये दर दोन-चार मात्रांनी कॉर्ड बदले, त्याखालची जमीनच सरके. अशा जमिनीवर राग उभा राहू शकत नाही, त्याला एक षड्ज स्थिर लागतो. १९५९ च्या सुमारास माइल्स डेव्हिस वगैरेंनी एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ थांबून वाजवण्याची रीत रुळवली आणि मग आपल्याकडच्या कानाला तिथे बसायला जागा झाली. अमान्सियो त्या जागेवर बसला.

पुढची काही वर्षं कामाची गेली. १९७१ मध्ये ‘रिफ्लेक्शन्स’. १९७२ मध्ये कॉस्मिक आय या नावाखाली ‘ड्रीम सीक्वेन्स’, तिथे मात्र सतार-तबला आले. तबल्यावर होते आपले केशव साठे. मुंबईचे हे साठे मेयर आणि हॅरियटच्या चमूतही होते आणि त्या काळच्या युरोपातल्या कितीतरी जाझवाल्यांना तीनतालाची सम कुठे असते हे त्यांनी दाखवलं. त्यांच्यावर मराठीत कुणी सविस्तर लिहायला हवं. याच काळात अमान्सियोने आणखी एक ध्वनिमुद्रण केलं, पुन्हा साठ्यांना घेऊन, आणि नाव दिलं ‘कोंकण डान्स’. ते निघालंच नाही. जाझचे दिवस फिरले होते, रॉकच्या लाटेत कंपन्यांना अशा प्रयोगांत रस उरला नव्हता. जो हॅरियट १९७३ च्या जानेवारीत हलाखीत गेला. ‘कोंकण डान्स’ची टेप तीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिली.

अमान्सियोने मग काय केलं? वाजवत राहिला आणि शिकवत राहिला. लंडनमधल्या पुष्कळ मुलांच्या हातात त्याने गिटार दिली. नामवंतांच्या चरित्रात हा भाग एका ओळीत संपतो. मला तो तसा संपवावासा वाटत नाही, कारण मी शिकवणीतला विद्यार्थी आहे. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी कुणीतरी नवखा येतो, तीच चूक करतो, आपण तीच बोटं पुन्हा उचलून योग्य पडद्यावर ठेवतो. ज्याने जो हॅरियटबरोबर ‘हम दोनो’ केलं त्याने ही बोटं किती वेळा उचलली असतील!

माझ्या सरांच्या आयुष्यातही तसंच वळण आलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सिंथेसायझर आला आणि चाळीस माणसांचा वाद्यवृंद चारांवर आला. सरांना फोन यायचे बंद झाले. एका रविवारी त्यांनी ती पोकळ अंगाची गिटार माझ्यापुढे ठेवली आणि घेतोस का म्हणून विचारलं. किंमत त्यांनी कमी सांगितली, मी हप्त्याने दिली. मला आनंद किती झाला आणि शरम किती वाटली हे आजही नीट सांगता येत नाही.

ती गिटार माझ्याकडे जेमतेम चार वर्षं राहिली. १९९३ मध्ये माझी मुलगी दोन वर्षांची होती. तिच्या हृदयाला छिद्र असल्याचं निघालं. शस्त्रक्रियेसाठी पैसे उभे करताना प्रॉव्हिडंट फंड गेला, बायकोच्या पाटल्या गेल्या आणि शेवटी गिटार. विकली तेव्हा एका दिवसात गिऱ्हाईक मिळालं, यावरून ती काय चीज होती कळावं. मुलगी बरी झाली. पण त्यानंतर मी पोयसरच्या रस्त्याने जाणं बंद केलं. सरांनी ज्या गिटारवर संसार चालवला ती मी विकली, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? रविवार चुकवू लागलो. आधी कामाची सबब, मग कसलीच नाही.

शेवटी सरच एका संध्याकाळी घरी आले. त्यांना कळलं होतं. मुलीला जवळ घेतलं, तिच्या हातावर चिक्कीचा पुडा ठेवला. गिटारचा विषय काढला नाही. निघताना जिन्यात मात्र थांबले आणि अमान्सियोची गोष्ट सांगितली, मुलाच्या आजारपणाची, तोवर मला माहीत नसलेली. त्याने पोरासाठी अख्खा मुलूख सोडला, तू तर लाकडाचं एक खोकं विकलंस, अशा अर्थाचं काहीतरी कोकणी-मराठीत बोलले आणि जिना उतरून गेले. कॅसेट त्यांनी टेबलावर ठेवली होती. ती मला रात्री दिसली.

अमान्सियो १९९६ मध्ये लंडनमध्ये गेला. वय ६०. इथे कुणाला पत्ता लागला नाही, निदान आम्हा दोघांना नाही. सर त्यानंतर थोड्याच काळाने गेले आणि त्यांच्या मते अमान्सियो तेव्हाही लंडनला वाजवतच होता.

गंमत अशी की तो पुन्हा वाजू लागला तो मेल्यानंतर. २००० नंतर इंग्लंडमध्ये साठच्या दशकातलं जाझ पुन्हा उकरून काढण्याची हौस आली. ‘इंटिग्रेशन’ पुन्हा निघाली. ‘हम दोनो’च्या मूळ तबकडीसाठी संग्राहक शेकडो पौंड मोजू लागले. आणि २००६ मध्ये ‘कोंकण डान्स’ प्रथमच प्रसिद्ध झाली. मी ती ऐकली तेव्हा खरखर नव्हती. सरांच्या कॅसेटमधल्या पावसाची इतकी सवय झालेली की स्वच्छ गिटार ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग साठ्यांचा तबला सुरू झाला आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली. डहाणूकरवाडीच्या डोक्यावरून मेट्रो धावते, आमच्या चाळीच्या जागी टॉवर आहे. मी पुन्हा शिकवणी लावली आहे, महावीर नगरला. शिक्षक माझ्या मुलीहून लहान आहे, मला काका म्हणतो आणि चुकलो की मानेने नाही म्हणतो, अगदी सरांसारखं. त्याने माझी नवी गिटार पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा डोळा मिटून मानेवरून पाहिलं. मला एकदम बरं वाटलं. त्याला अमान्सियो माहीत नव्हता. मी ऐकवला. पोरगं तिसऱ्या मिनिटाला आपली गिटार घेऊन तो तुकडा शोधू लागलं, आणि मग मला म्हणाला की काका, हा बसवू या.

तेव्हापासून आम्ही ‘स्टेफानोज डान्स’ बसवतो आहोत. सहा महिने झाले. मूळ वेगाच्या निम्म्यावर मी आलो आहे. करंगळी ऐकत नाही, आणि एका ठिकाणी चार सुरांची उडी आहे तिथे दर वेळी तिसरा सूर गिळला जातो. मुलगी परवा माहेरपणाला आली होती, तिने दारात उभं राहून थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं की बाबा, हे इतकं हळू का वाजवताय. जुलै आहे. तारा तांबूस झाल्या आहेत. उद्या धोबीतलावला जाऊन नवा संच आणायचा आहे, आणि जुन्या धोतराचा एक तुकडा शोधायचा आहे.